सातव्या वळीतली खोट

वर्नेल टॅडलॉक म्हणते, आधी नाक टोच.
चिमूटभर आत, की लगेच बाहेर काढ टोक.
आता गळ अर्धा फिरव, डोळा नाकात बुडू दे,
टोक अंगावर कुठं येतंय ते बघ
आणि तिथंच आत घाल. तिथंच. नखभर पुढं नाही.
गांडूळ सरळ लटकलं पाहिजे,
शाळेच्या फोटोला उभं केलेल्या पोरासारखं.

माझं वाकडंच लटकतं.
ती बोलत नाही, उसवून परत हातात देते.
एकतीस वर्षं तिनं या परगण्यात पिवळी बस चालवली;
मी शेवटच्या बाकाखाली च्युइंगम चिकटवायचो
आणि ती आरशातून अशीच बघायची.

अलाबामातला मार्च. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं.
धरण बांधलं तेव्हा तोडायचे राहिलेले ओक
अजून कंबरभर पाण्यात उभे,
काळे, सालीविना.
उघडा गळ टाकलास तर दिवसभर लाकूडच धरशील,
म्हणून टोक मांसात लपवायचं.
मांस, असं मीच म्हणतो.
"प्लास्टिक, बाळा," ती म्हणते. "मी ओतलेलं."

तिच्या गॅरेजात एक कढलं आहे, स्वयंपाकाला कायमचं बाद.
त्यात ती द्रव तापवते, जांभळा रंग, वर लाल चमकी,
दारं सताड उघडी ठेवून, तोंडाला फडकं बांधून.
साचा एकदा हातून निसटून फरशीवर आपटला,
तेव्हापासून तिच्या प्रत्येक गांडुळाला
सातव्या वळीत एक खोट.
नवा साचा घे, म्हटलं तर म्हणते,
मासे कुठं मोजतात?

शिसं तळाला टेकतं. दोरा सैल पडतो.
ओढू नकोस. थांब. अजून थांब.
पहिली टकटक म्हणजे नुसती विचारणा,
दारात उभं राहून, आहे का कोणी घरात?
तू गप्प राहायचं.
दोरा आपणहून बाजूला चालू लागला
की मग उचल.

उचलला तिनंच.
पाण्याबाहेर आली ती बासची मादी, हाताएवढी लांब,
डोकं पाच पौंडांचं, पोट जेमतेम दोनाचं.
वर्नेलनं अंगठ्यानं जबडा उघडून धरला,
आत बघितलं, आणि पक्कड मागितली.

घशातून निघालं ते हळूहळू,
फुगलेलं, विटलेलं, हिरड्यांच्या रंगाचं,
बोटाएवढं असताना गेलेलं, आता मनगटाएवढं जाड.
तिनं ते गुडघ्यावर आडवं ठेवलं
आणि नखानं वळ्या मोजत गेली.
पाच. सहा.
नख अडकलं.

मी ओकांकडे बघत बसलो.
तिनं मासोळी पाण्यात धरली, पुढं-मागं, पुढं-मागं,
शेपटीनं हात झिडकारेपर्यंत.
मग ते जुनं गांडूळ शर्टाच्या खिशात घातलं
आणि खिशाचं बटण लावलं.

मला वाटलं, आता घरी जायचं.
पण तिनं नवं काढलं, नाक टोचलं, टोक लपवलं,
आणि डब्याच्या तळातून शोधून
गोंदाचा एक थेंब नाकावर, गळाच्या मानेशी.
फुंकर. पुन्हा फुंकर.
"आता सुटणार नाही," कोणाला म्हणाली कोण जाणे.

धक्क्याला लागलो तेव्हा दिवे लागले होते.
तिनं डबा उघडून मोजायला घेतलं,
फाटकी वेगळी, धड वेगळी, गळावरची वेगळी,
ओठ हलवत,
जशी बसच्या पायरीवर डोकी मोजायची.
निघताना अकरा होती.
दहा.
पुन्हा मोजली. दहाच.

दुपारी एक माझ्या गळावरून तुटून गेलं होतं,
तिसऱ्या ओकापाशी. मी सांगितलं नव्हतं.
गोंद लावायला मला कंटाळा आला होता.

तिनं वर पाहिलं. आरसा नव्हता, तरी आरशातूनच.
सोडलेली दोरी मी बांधू लागलो,
तेवढ्यात तिनं इंजिन पुन्हा ओढलं.
"टॉर्च तुझ्याकडे दे," म्हणाली,
"आणि कुठलं झाड ते नीट आठव."